जव्हारात न्याहारी कुठे कराल? आधी साल सांगा

जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरेपर्यंत तुमच्या पोटात कावळे ओरडायला लागलेले असतात. मुंबईहून निघालात तर दीडशेक किलोमीटर, नाशिकहून आलात तर ऐंशी. कुठूनही या, शेवटचा तासभर वळणांचा आहे. समोर कढईत वडे तळताहेत, बाजूला चहाचं पातेलं उकळतंय, कुणीतरी पोह्यांवर शेव भुरभुरवतंय. खुशाल खा, वाईट काहीच नाही. पण वडापाव खायला एवढा घाट चढून यायचं कारण नव्हतं.

जव्हार-मोखाड्याचं स्वतःचं सकाळचं खाणं शोधायचं असेल तर हॉटेलांची यादी उपयोगाची नाही. या डोंगरात ताटात काय पडेल ते महिन्यावर ठरत आलंय, आणि कुणाच्या ताटात पडेल ते सालावर. म्हणून आज तिकीट गावाचं काढू नका, सालाचं काढा. सामान थोडंच घ्या: अंगावर घ्यायला घोंगडी, पायात मजबूत वहाणा आणि एका फडक्यात बांधलेलं शेर-दोन शेर मीठ. पैसे न्यायची गरज नाही. पहिल्या मुक्कामी ते कुणी ओळखणार नाही.

1663, डिसेंबरची अखेर. शिरपामाळ

पहाट. माळावरचा वारा कानात शिरतोय, गवत वाळून पिवळं झालंय, आणि त्या गवतावर घोडीच घोडी. शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरत लुटली जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे, इथे फार थोड्यांना. जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांच्या स्वागताला आले, त्यांनी महाराजांच्या शिरावर मानाचा तुरा चढवला आणि त्यावरून या माळाला शिरपामाळ म्हणू लागले, असं जव्हार आजही सांगतं. जव्हारच्या मुकणे घराण्याचं हे राज्य तेव्हाच सव्वातीनशे वर्षांचं जुनं आहे. ते उभारणाऱ्या जयबा मुकण्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून डोंगरच्या डोंगर वेढला, ही गोष्ट शेकोटीभोवती तुमच्या कानावर येईलच.

छावणीत रेंगाळू नका. तिथली भाकरी मोजलेली आहे. माळ उतरा, खाली पाड्यावर या. कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं घर दिसेल. आत कोंबडा आरवायच्या आधीपासून जातं घरघरतंय. दाराशी खाकरा. म्हातारी वर बघते आणि म्हणते, "ये. बस." इथे राजालाही 'तू' आणि तुम्हालाही 'तू', त्यात अवमान काही नाही.

आता नीट बघा, कारण ही भाकरी पुढची सगळी सालं तुमची सोबत करणार आहे. जात्यातून पडलंय ते नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, विटकरी झाक असलेलं. नागलीला चिकटपणा नाही, गार पाण्यात मळली तर फुटते. म्हणून म्हातारी आधणाचं पाणी पिठावर ओतते, लाकडाने ढवळते, वाफ जिरू देते आणि मग तळव्याच्या मुळाने रगडते. गोळा हातातल्या हातात फिरतो, कडा पातळ होत जातात. मातीच्या खापरीवर भाकरी पडते, वरून पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडे जातात. मग खापरीवरून काढून निखाऱ्यांना टेकवून उभी. ती फुगते, तिच्या पोटातून वाफेची एक शीळ निघते, आणि रंग ओल्या मातीसारखा होतो.

सोबत उडदाचं कालवण. उडीद भाजून, भरडून, पाण्यात शिजवलेला. दाट, राखाडी, जरा बुळबुळीत. बटाटा विसरा, तो इथे पोचायला अजून फार काळ आहे. चहा नाही. पाव तिकडे किनाऱ्यावर, 1534पासून वसईत ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांच्या भट्टीत; तो या घाटात कोण आणणार? आणि पहिला घास घेतल्यावर लक्षात येतं की कालवणात मीठही नावालाच आहे. मीठ किनाऱ्याच्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर चढतं. ते घाटमाथ्याकडे जाताना वाटेत इथल्या वाट्याला जेवढं उतरेल तेवढंच. पिकतं त्याच्या बदल्यात मीठ, हाच इथला बाजार.

तुमचं फडकं सोडा. म्हातारी मुठीने मीठ घेते, अर्धं गाडग्यात टाकते, अर्धं शेजारच्या घरी धाडते, आणि तुमच्या पुढ्यात दुसरी भाकरी येते. या सालात न्याहारीचं बिल असं चुकतं.

1901, आषाढ. मोखाडा पेठा

या वेळी घोंगडी डोक्यावरून घ्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आषाढ-श्रावणात पडून जातो. जव्हार संस्थानाची हद्द ओलांडून तुम्ही इंग्रजी मुलखात आलात. मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेठा. मागे राहिलेल्या संस्थानात यंदाच्या शिरगणतीत 47,538 माणसं भरली. हद्दीच्या दोन्ही बाजूंना चुली सारख्याच आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. आणि आषाढात दोन्ही बाजूंच्या कणग्या सारख्याच रिकाम्या.

आषाढात इथे भाकरी मागू नका. मागितलीत तर घरची बाई बियाण्याला हात घालेल, आणि ते तुम्हाला शोभणार नाही. वैशाखात राब भाजला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार केली, पहिल्या पावसाला पेरणी झाली, आता भाताची नि नागलीची आवणं उपटून लावणी चाललीय. वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम आणि वर्षातला सगळ्यात रिकामा डबा एकाच वेळी येतात. ज्यांच्या घरातले दाणे संपले ते सावकाराकडे खावटीला जातात. आत्ता घेतलेलं धान्य सुगीला वाढीसकट परत करायचं. म्हणजे नव्या पिकातला घास आधीच खाल्लेला असतो.

तरीही तुम्ही उपाशी परतणार नाही. जंगल आहे. सरकारने 1878च्या कायद्याने त्यात राखीव रेषा आखल्या असल्या तरी पोटाला रेषा कळत नाही. बाई तुम्हाला परसात नेते. पहिल्या पावसात जमिनीतून वर आलेल्या शेवळांची जुडी दाखवते: लांब कोंब, टोकाला जांभळट तपकिरी. मोह पडून तशीच शिजवलीत तर जीभ आणि घसा खाजून जीव नकोसा होईल. म्हणून ती काकडाची हिरवी आंबट फळं ठेचते, त्यांच्या रसात शेवळं शिजवते आणि खाज मारते. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. आईकडून मुलीकडे, चूल फुंकता फुंकता येतं.

कोपऱ्यात टोपली निथळतेय. त्यात कडूकंदाचे काप आहेत. रानातून खणून आणलेला कंद काल कापला, राखेच्या पाण्यात उकळला, आणि टोपलीत भरून ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवला. पाण्याने कडूपणा नेला. सकाळी उरलं ते पांढरट, मऊ, पिठूळ. मीठ लावून खायचं. मिठाचं फडकं पुन्हा सोडा.

नशीब बरं असेल तर घरातलं पोर भिजत धावत येईल, हातात शिपतर. आत वलगणीचे मासे उड्या मारताहेत. पहिल्या पुराला मासे उलट्या पाण्याने चढून भातखाचरांत शिरतात आणि बांधावर सापडतात. दगडाखालच्या चिंबोऱ्याही असतील. पातळ पेज, त्यात चार कण्या, शेवळांची भाजी आणि निखाऱ्यावर भाजलेला एक मासा. मुंबईतल्या एखाद्या पाककुशल माणसाने पुढे शंभर वर्षांनी हेच ताट मांडलं तर लोक रांगा लावतील. इथे ते नाइलाजाने मांडलेलं आहे. चव तीच असली तरी हा फरक जिभेखाली ठेवा.

1941, आश्विन. जव्हार, दसऱ्याची दुसरी सकाळ

आता जरा भरल्या घरात जाऊ. हळवा भात पिकलाय, नागलीची कणसं मुठी आवळून उभी आहेत. भात पिकायला लागला की तारपा वाजायला लागतो. भोपळ्याच्या आणि ताडाच्या पानांच्या त्या लांब वाद्यापुढे काल रात्रभर फेर चालला होता. दसऱ्याला पाड्यापाड्यांवरून माणसं राजधानीत उतरली, सोनं लुटलं गेलं, आणि तुमच्या पायाला अजून तो ठेका चिकटलेला आहे. गादीवर यशवंतराव मुकणे आहेत, संस्थानाचे शेवटचे राजे. महायुद्ध चालू आहे आणि राजे हवाई दलाच्या गणवेशात वावरतात.

बाजारपेठेत चहा आलाय. लाकडी बाकावर बसा, कपबशी मागा. जव्हारला 1918पासून नगरपालिका आहे, पेठ आहे, दुकानं आहेत. इथे गूळ, तेल, सुकी मासळी, मीठ सगळं विकत मिळतं. तुमच्या फडक्याची किंमत एकदम उतरलीय.

पण खरी न्याहारी गावाबाहेर. नवं धान्य घरात आलं तरी ते आधी कणसरीला दाखवायचं, मगच माणसांनी खायचं. ही अन्नाची देवी फार मानी; तिला विचारल्याशिवाय दाणा तोंडात टाकायची कुणाची छाती नाही. तो मान झाला की नव्या तांदळाचं पीठ होतं. वेलावरची तवशी, म्हणजे जून काकडी, किसून त्या पिठात कालवतात, थोडा गूळ, चिमूट मीठ. पळसाच्या पानावर थापायचं, वर दुसरं पान, आणि निखाऱ्यावर ठेवायचं. पान करपतं, आतला पानगा शिजतो. पान सोलून काढलंत की त्याच्या शिरांची नक्षी पानग्यावर उमटलेली दिसते. वाफेला पळसाचा तुरट वास आणि तवशीचा गार वास एकत्र येतो. वर्षातल्या उत्तम सकाळी मोजायच्या झाल्या तर ही पहिल्या दोन-तीनांत.

उठण्याआधी एवढं बघून घ्या. ज्या गड्याने हे भात लावलं, कापलं, तो आत्ता कुठे आहे? किनाऱ्याकडच्या तालुक्यांत तो सावकाराच्या खळ्यावर वेठीला गेलाय. पहाटे निघाला, काम उरकेपर्यंत त्याला कुणी खायला विचारणार नाही. चार वर्षांनी, 1945च्या मे महिन्यात, उंबरगाव तालुक्यातल्या झरीला वारली जमतील आणि वेठ करणार नाही असं सांगतील. गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहिलं. त्या लढ्याच्या मागण्यांत जमीन होती, मजुरी होती. माझ्या मते आपल्या घरची सकाळची भाकरी आपल्या वेळेला खायचा हक्कही त्यात होता.

1965, चैत्र. मोखाडा, बोहाड्याची रात्र उलटताना

संस्थान 1948 साली विलीन झालं. आता महाराष्ट्र आहे, तुम्ही ठाणे जिल्ह्यात आहात आणि रात्रभर झोपलेला नाहीत.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव. काल अंधार पडल्यावर गणपतीचं सोंग आलं, मग सारजा आली मोरावर बसून. मग एकामागून एक देव आणि राक्षस: मारुती, रावण, नरसिंह, त्राटिका. कुणाच्या घरचं कुठलं सोंग हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुखवटे भले मोठे, कागदाच्या लगद्याचे नाहीतर लाकडाचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते घडवणारे हात आहेत. मुखवट्यातून समोरचं धड दिसत नाही, म्हणून सोंग मागेपुढे झुलत, संबळाच्या ठेक्यावर पाऊल मोजत येतं आणि टेंभे धरणारी पोरं त्याला वाट दाखवतात. पिपाणी रात्रभर थांबलेली नाही. आता पूर्वेला फटफटतंय, आणि देवी महिषासुराच्या अंगावर धावून जातेय. धूळ, धूर, आरोळ्या. महिषासुर पडतो. बायका ओवाळायला पुढे होतात.

आणि अख्ख्या गावाला एकदम भूक लागते.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक जत्रेतली: कांदाभजी, गोडी शेव, खाजा, काचेच्या पेल्यात गोड मिट्ट चहा. रात्रभर जागलेल्या घशाला तो चहा काय लागतो ते शब्दांत सांगण्यात अर्थ नाही, प्या. दुसरी वाट कुणाच्या तरी घरची, आणि बोहाड्याच्या सकाळी मोखाड्यात कुणाचं घर पाहुण्याला बंद नसतं. लेकी माहेराला आल्यात, जावई ओसरीवर पेंगताहेत. तांदळाच्या भाकऱ्या मांडल्या आहेत. नागली आज पाहुण्यांना वाढत नाहीत. यजमान जरा कानकोंडे होऊन म्हणतात, "रोजची आमची काळी भाकर. तुम्हाला पांढरी केली." हे वाक्य लक्षात ठेवा. नागलीची पत घसरायला इथेच सुरुवात झालीय. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू येतोय, शाळेत शिकलेली पोरं पांढरं खाणं म्हणजे पुढे जाणं समजताहेत.

भाकरीसोबत खुरासणीची चटणी मागा. काळी तिळाएवढी बी खापरीवर भाजली की तडतडते. लसूण, लाल मिरची, मीठ घालून ती पाट्यावर वाटायची. वाटताना तेल सुटतं, वरवंटा चकाकायला लागतो. कालचं कोंबडीचं कालवण असेल तर तेही घ्या, पण चटणी चुकवू नका.

परतताना मोहाच्या झाडाखालून जा. बायका-पोरं पहाटेपासून फुलं वेचताहेत. रात्रीतून गळलेली फिकट, रसरशीत फुलं उन्हं चढायच्या आत टोपलीत गेली पाहिजेत. चार तोंडात टाका. गोड, आणि मागाहून जरा उग्र. वाळवलेली फुलं पुढे पावसाळ्यात उकडून खायला होतील. त्यांची दारूही होते हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

1992, पावसाळा. वावर-वांगणी

जव्हार तालुक्यातल्या या पाड्यांवर आज काही मागवू नका. उभे राहा आणि बघा.

1901च्या आषाढात पाहिलेली रिकामी कणगी इथे आहे, पण तेव्हाचं जंगल तिच्यामागे उरलेलं नाही. आईबाप लावणीला गेलेत, कारण आज नाही गेले तर वर्ष जाईल. घरात धाकट्याला सांभाळायला थोरलं आहे, तेही सहा-सात वर्षांचं. ओहोळ भरून वाहताहेत, दवाखाना पलीकडे. आधीच खंगलेल्या मुलाला जुलाब झाले, गोवर निघाला, न्यूमोनिया झाला, की अंगात झुंजायला काही शिल्लक नसतं. त्या वर्षी इथली मुलं एकामागून एक गेली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्यावर मंत्र्यांच्या गाड्या घाट चढल्या आणि 'कुपोषण' हा शब्द जव्हारच्या नावाला चिकटला.

न्याहारीच्या सफरीत हा मुक्काम कशाला, असं वाटलं असेल. सकाळी दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात काय पडतं, यावरच या डोंगराचं सगळं गणित उभं आहे, म्हणून. पुढे 2015 साली सरकारने अब्दुल कलाम अमृत आहार योजना काढली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि नंतर लहान मुलांना अंडी किंवा केळी. कागदावर साधं वाटतं. इथे उभं राहून गेलेल्या माणसाला एका अंड्याची किंमत कळते.

1996, माघ. भिवंडीजवळची वीटभट्टी

जव्हारची न्याहारी खायला तुम्ही भिवंडीला का आलात? कारण जव्हार इथे आलंय. दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि पाड्यावर म्हातारी माणसं नि कुत्री मागे ठेवून जोडप्यांनी वाट धरली. मालकाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत काम. आठवड्याला खर्चीचे पैसे मिळतात, त्यातून तांदूळ, मीठ, तेल, तंबाखू. झोपडीला इथे भोंगा म्हणतात, आत वाकून शिरावं लागतं.

पहाटे तीनला या. थंडीत चिखल तुडवणं चाललंय, साच्यातून विटा पडताहेत, कंदिलाच्या उजेडात ओळीमागून ओळ. उन्हं आल्यावर हे काम होत नाही, म्हणून दिवसाची अर्धी मजुरी अंधारातच कमावायची. सात-आठला हात थांबतात. ॲल्युमिनियमच्या टोपात कोरा चहा, साखर असेल तर. तांदळाची जाड भाकरी आणि सुकट. सुकट तव्यावर नुसती परतून, कांदा आणि तिखट घालून. किनारा जवळ असल्यामुळे ती मात्र ताजी आणि खमंग आहे. एवढी एकच चैन. नागली नाही. नागली डोंगरावर राहिली, ती दळायला जातं आणि रांधायला फुरसत लागते, आणि भट्टीवर दोन्ही नाहीत.

शेजारी ताडपत्रीच्या सावलीत पोरांचा आवाज ऐकू येईल. विधायक संसद या संस्थेने याच दशकात भट्ट्यांवर 'भोंगा शाळा' काढल्या, आईबापांमागे फिरणाऱ्या मुलांसाठी. भाकरीचा तुकडा हातात घेऊन पोरगी पाटीसमोर बसलीय. तिला विचारा, "घर कुठं?" ती पाड्याचं नाव सांगेल आणि लगेच पुढे म्हणेल, "होळीला जाणार."

आज, फाल्गुन

होळीच्या सुमारास तुम्हीही परत या. आता पालघर जिल्हा आहे, 1 ऑगस्ट 2014पासून. तालुक्याचं ठिकाण तेच, स्टँड तोच, वडेही तेच.

मात्र स्टँडवर थांबू नका. पहाटेच एखाद्या पाड्यावर पोचा. मोगऱ्याच्या ओळींतून बायका कळ्या खुडताहेत; कळी उमलायच्या आत खुडली तर भाव, उमलली तर माती. पिशव्या भरल्या की गाडीत, आणि गाडी दादरच्या फुलबाजाराकडे. मोगरा, काजू, आंब्याच्या वाड्या यांनी काही घरांचं भिवंडीला जाणं थांबवलंय, सगळ्यांचं नाही. कळ्या रवाना झाल्यावर चूल पेटते, आणि तीच तुमची वेळ, नऊ ते दहाच्या मधली.

नागलीची भाकरी मागा. आदल्या दिवशी सांगून ठेवलं असेल तर मिळेल. ऐनवेळी गेलात तर बहुधा पोहे किंवा चहा-बिस्कीट पुढे येईल, कारण घरातल्या शाळकरी पोरांना तेच आवडतं. आश्रमशाळेतून सुटीला आलेली मुलगी काळ्या भाकरीकडे बघून नाक मुरडते. तिला नावं ठेवू नका. 1965च्या ओसरीवर पाहुण्यांसाठी पांढरी भाकरी झाली, तेव्हा हे ठरलं होतं. उलट तुम्ही शहरातून येऊन तीच काळी भाकरी आवडीने मागताय याचं तिला हसू येतं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानंतर नाचणीची बिस्किटं, नाचणीची इडली, नाचणीचा माल्ट असं बरंच काही शहरांत चकचकीत पाकिटांत आलंय. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ज्या उतारावर ती पिकते तिथे मात्र तिचं क्षेत्र आक्रसत चाललंय, कारण आवण लावणारे, कणसं खुडणारे हात वर्षाचे सहा महिने गावात नसतात.

भाकरी भाजून होईतो घरात पाणी कुठून येतं ते विचारा. फाल्गुनात विहीर तळाला गेलेली असते. थोड्याच दिवसांत बायकांच्या डोक्यावर हंडे आणि रस्त्यावर टँकर दिसायला लागतील. मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण उभं आहे. 2014मध्ये ते पुरं झालं आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. दादरच्या इराण्याकडे किंवा गिरगावातल्या घरात सकाळी चहाचं आधण ठेवतात, त्या पातेल्यात मोखाड्याचा पाऊस असतो. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात उन्हाळी न्याहारीला एक घडा पाणी पुरवून वापरतात. म्हणून हात धुताना तांब्या अर्धा वापरा. सांगून नव्हे, बघून शिका. घरातले तसंच करतात.

आता ताट आलंय. नागलीची भाकरी, उडदाचं कालवण, खुरासणीची चटणी, कांदा. 1663च्या डिसेंबरात खाल्लीत तीच भाकरी, तशीच आधणात उकडलेली, तशीच निखाऱ्यांना टेकवलेली. खापरीच्या जागी लोखंडी तवा आणि कालवणात मीठ बरोबर. मिठाऐवजी आता पाणी मोलाचं, म्हणून सोबत आणलेल्या पाण्याच्या बाटल्या परत नेऊ नका, इथेच ठेवा. बिल किती, असं विचारलंत तर घरधनी ओशाळून "काय ते द्या" म्हणतील. त्या "काय ते"चा गैरफायदा घेऊ नका. शहरात नाचणीच्या पाकिटाला जो भाव मोजता, तो भाकरीला मोजा. पैसे पहाटे उठून जिने पीठ उकडलं तिच्या हातात द्या, आणि जाताना पायलीभर नागली विकत मागा. गिऱ्हाईक आहे हे कळलं तर पुढच्या वैशाखात त्या उतारावर राब पेटेल.